नवी मुंबई : सुविधा आल्या, स्वराज्याचे काय?

नवी मुंबई महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. करोनाच्या संकटामुळे निवडणूक पुढे गेली. त्यानंतर प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे वाद न्यायालयात रेंगाळले. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि १११ सदस्यांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. मधली साडेपाच वर्षांहून अधिक काळ हे शहर प्रशासकाच्या हाती होते. संपूर्ण महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती. अंदाजपत्रक प्रशासकच मांडत आणि प्रशासकच मंजूर करत.

या काळात शहराचे काय बिघडले? वरवर पाहता काहीही नाही. नळाला पाणी येत होते. कचऱ्याची गाडी ठरलेल्या वेळी येत होती. रात्री रस्त्यावरचे दिवे लागत होते. उलट स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत शहराचे नाव सातत्याने वरच्या पायरीवर राहिले. त्यामुळे वाशी-नेरूळच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांत एक प्रश्न सहजपणे विचारला जाऊ लागला. नगरसेवकांवाचून शहर इतके नीट चालते, तर ते हवेत तरी कशाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो विचारणारा माणूस लोकशाहीचा शत्रू नसतो. त्याला आलेल्या अनुभवातून तो बोलत असतो. परंतु या प्रश्नाचे उत्तर वेळीच आणि प्रामाणिकपणे दिले नाही, तर 'स्थानिक स्वराज्य संस्था' या शब्दांतील स्वराज्य गळून पडेल आणि केवळ संस्था उरेल. म्हणून नवी मुंबईच्या उदाहरणावरून याचा विचार करणे आवश्यक आहे.

आधी शहर, मग नागरिक

नवी मुंबईचा जन्मच मुळी इतर शहरांहून वेगळा. मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या वास्तुरचनाकार-अभियंत्यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर परिसराची भूमी या प्रकल्पासाठी निश्चित झाली. ती ओसाड नव्हती. आगरी-कोळी समाजाची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी त्या भूमीवर आणि तिच्या खाड्यांवर चालत होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या बलिदानातून आली. आज ज्या रुंद रस्त्यांचे आणि आखीव सेक्टरांचे कौतुक होते, त्यांच्या पायाशी ही किंमत आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

महानगरपालिका आली ती त्यानंतर, १ जानेवारी १९९२ रोजी. पहिली निवडणूक १९९५ मध्ये झाली. म्हणजे शहर वसल्यावर सुमारे दोन तपे येथील रहिवाशाचा संबंध आला तो एका महामंडळाशी. घर त्याच्याकडून, भूखंड त्याच्याकडून, तोही भाडेपट्ट्याने. पुणे, नाशिक किंवा सोलापूर येथे पेठेतला माणूस आपल्या नगरपालिकेशी भांडत, तिच्यावर टीका करत, तिची निवडणूक लढवत शहाणा झाला. नवी मुंबईच्या रहिवाशाला ती शाळा उशिरा मिळाली. तो प्रथम ग्राहक झाला आणि नागरिक नंतर. नगरसेवकांवाचून चालते असे त्याला वाटण्यामागे हा इतिहासही आहे.

मोरब्याचा धडा

तथापि, या शहराचा सर्वांत मोठा आधार कोणता, असा प्रश्न विचारला तर उत्तर खालापूर तालुक्यात सापडते. माथेरानच्या डोंगरापलीकडे धावरी नदीवर मोरबे धरण आहे. ते महापालिकेच्या हद्दीत नाही, इतकेच काय, ठाणे जिल्ह्यातही नाही. २००२ मध्ये महापालिकेने ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून आपल्या मालकीचे करून घेतले. स्वतःच्या मालकीचे धरण असणाऱ्या राज्यातील मोजक्या महापालिकांत तेव्हापासून नवी मुंबईची गणना होते. धरणाची साठवण क्षमता सुमारे १९१ दशलक्ष घनमीटर आहे. भोकरपाडा येथील केंद्रात दररोज ४५ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था आहे. शेजारची शहरे उन्हाळ्यात टँकरच्या रांगा पाहत असताना येथील बहुसंख्य घरांत पाणी येते, ते या एका निर्णयामुळे. कामोठे आणि खारघर या हद्दीबाहेरच्या वसाहतींनाही मोरब्याचे पाणी मिळाले आहे.

तो निर्णय झाला तेव्हा महापालिकेत लोकनियुक्त सभागृह होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. धरण घेण्यासाठी पैसा आज द्यावा लागतो आणि पाणी काही वर्षांनी येते. ज्याची बदली दोन-तीन वर्षांत होणार आहे, अशा अधिकाऱ्याने एवढे ओझे शहराच्या माथी मारावे कशाच्या बळावर? त्यासाठी शहराच्या वतीने 'होय' म्हणणारे कोणीतरी लागते. श्रेय अर्थातच एकट्या सभागृहाचे नाही. धरण उभारणारे अभियंते होते, प्रस्ताव मांडणारे अधिकारी होते, राज्य शासनाची संमती होती. आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते खालापूरचे ग्रामस्थही होते. त्यांचे ऋण या शहरावर कायमचे आहे. परंतु पंचवीस-तीस वर्षांचा विचार करून पैसा गुंतवण्याची शक्ती लोकांच्या अनुमतीतून येते, एवढे मोरब्याने निश्चित दाखवून दिले.

प्रशासकांनी केले ते काम

प्रशासकीय काळातील यश नाकारण्याचे कारण नाही. स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत नवी मुंबई २०२१ मध्ये देशात चौथी, तर २०२२ आणि २०२३ मध्ये तिसरी आली. २०२४च्या सर्वेक्षणात इंदूर, सुरत आणि विजयवाडा यांच्या बरोबरीने तिला 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये स्थान मिळाले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २०१४ च्या गांधी जयंतीला स्वच्छ भारत अभियान सुरू केले, तेव्हा त्याची चेष्टा करणारे थोडे नव्हते. नवी मुंबईने त्या अभियानाला प्रत्यक्ष रूप दिले.

सांडपाण्याच्या बाबतीत तर हे शहर अनेकांच्या पुढे आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे, सानपाडा, घणसोली आणि बेलापूर येथे मलप्रक्रिया केंद्रे आहेत. देशातील बहुसंख्य शहरे आपले मैलापाणी नदीत किंवा समुद्रात सोडून मोकळी होतात. नवी मुंबईने ते शुद्ध करून खाडीत सोडण्याची व्यवस्था केली. पुढे ऐरोली आणि कोपरखैरणे येथे तिसऱ्या टप्प्यातील शुद्धीकरण करून ते पाणी उद्योगांना पुरवण्याची योजना अमृत अभियानातून आकाराला आली. कोपरखैरण्याच्या जुन्या कचराभूमीवर आज निसर्ग उद्यान उभे आहे. विशेष मुलांसाठी वाशीत चालणारे महापालिकेचे ईटीसी केंद्र हा तर कोणत्याही नागरी संस्थेने अभिमानाने मिरवावा असा उपक्रम आहे.

यातील बरेच काही लोकनियुक्त सभागृहांच्या काळात सुरू झाले होते. प्रशासकांनी ते शिस्तीने पुढे नेले. काम ठरलेले असते, मोजमाप ठरलेले असते, केंद्राची योजना आणि निधी पाठीशी असतो, तेव्हा एक कर्तबगार अधिकारी ते काम उत्तम करतो. ही प्रशासनाची ताकद आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शहरापुढचे सगळेच प्रश्न अशा जातीचे नसतात.

जे सुटले नाही ते

नवी मुंबईचा मोठा भाग भरावावर वसला आहे आणि कित्येक ठिकाणी तो भरतीच्या पातळीहून खाली आहे. हे ओळखून रचनाकारांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून दारे मिटतात. तेवढ्या वेळात पडलेला पाऊस या तलावांत साठतो आणि ओहोटी लागली की खाडीत निघून जातो. व्यवस्था साधी आणि नामी आहे, पण तलाव रिकामा असेल तरच ती चालते. वर्षानुवर्षे या तलावांत गाळ साचत गेला. गाळावर खारफुटी वाढली. खारफुटीला कायद्याचे आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. परिणामी गाळ काढण्याचा प्रश्न वन विभाग, न्यायालय आणि महापालिका यांच्या त्रिकोणात अडकला. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की बेलापूर-वाशीच्या सखल भागांत पाणी तुंबते, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. शहराची मालकी सिडकोकडे, औद्योगिक पट्ट्याची एमआयडीसीकडे आणि रहिवाशांना सेवा देण्याचे दायित्व महापालिकेकडे, अशी येथे तीन घरांची रचना आहे. शाळा, रुग्णालय, मैदान किंवा वाहनतळ उभारायचे तर महापालिकेला भूखंड सिडकोकडे मागावा लागतो. सिडकोला भूखंड विकून पैसा उभारायचा असतो. महापालिकेचा स्वतःचा पहिला प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला तो २०२२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल तीस वर्षांनी. तोवर किती मोकळ्या जागा विकल्या गेल्या असतील, याची कल्पना कोणालाही करता येईल. जेथे खेळाचे मैदान होणे शक्य होते तेथे टॉवर उभा राहिला, तर पुढची पिढी तो पाडून मैदान करू शकत नाही. ही हानी भरून येणारी नाही. आराखडा प्रसिद्ध झाला, त्यावर हरकती-सूचना झाल्या, तेव्हाही जनतेच्या वतीने बोलणारे सभागृह अस्तित्वात नव्हते.

तिसरा प्रश्न दिघ्याचा. शहराच्या उत्तर टोकाच्या या भागात २०१५ मध्ये ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापुढे गाजले. बांधकाम बेकायदा होते यात शंका नाही. ज्यांनी ती उभी केली आणि ज्यांनी उभी राहू दिली त्यांना क्षमा असू नये. पण त्या सदनिका घेणारे लोक कोण होते? माथाडी, कारखान्यांतले कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया. शहराला त्यांचे श्रम हवे होते. त्यांच्यासाठी परवडणारे घर मात्र शहराच्या आखणीत पुरेसे नव्हते. मोरब्याच्या पाण्याची कीर्ती सर्वत्र असताना दिघा आणि औद्योगिक पट्ट्यातील वस्त्यांना मात्र दीर्घकाळ एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले. तेथील पाणीटंचाईच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. पामबीच मार्गावरच्या सोसायटीला पाण्याचा प्रश्न पडत नाही आणि त्याच महापालिकेच्या दुसऱ्या टोकाला बायका हंडा घेऊन उभ्या राहतात, ही विषमता सर्वेक्षणाच्या गुणांत उमटत नाही.

चौथा प्रश्न गावठाणांतील घरांचा. कुटुंब वाढले तसे प्रकल्पग्रस्तांनी घराशेजारी घर बांधले. गावठाणाचा विस्तार वेळीच झाला नाही, त्यामुळे आपल्याच वाडवडिलांच्या भूमीवर ते अतिक्रमक ठरले. काही बिल्डरांनी त्यांच्या आडोशाने मजल्यांवर मजले चढवले, हेही खरे. गरजेपोटी बांधलेले घर कोणते आणि नफ्यापोटी बांधलेली इमारत कोणती, हे ठरवायला गावाची माहिती लागते, विश्वास लागतो. नुसत्या नकाशावरून ते होत नाही.

आणि पाचवा प्रश्न सफाई कामगारांचा. ज्या क्रमांकाचा अभिमान सारे शहर बाळगते, तो मिळवून देणारे हजारो हात कंत्राटी आहेत. करोनाकाळात लोक दार लावून बसले असताना हेच हात रस्त्यावर होते. समान कामाला समान वेतन मिळावे म्हणून त्यांना वारंवार आंदोलन करावे लागते. सामाजिक समरसतेची भाषा बोलणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. पुरस्काराच्या छायाचित्रात जागा असणाऱ्याला वेतनपत्रकातही जागा असली पाहिजे.

या पाचही प्रश्नांत एक साम्य आहे. त्यांत कोणाला काही द्यायचे तर कोणाकडून काही घ्यावे लागते. शेजारच्या संस्थेशी भांडावे लागते, राज्य शासनापुढे आग्रह धरावा लागतो, लोकांना समजवावे लागते. प्रशासक हा शासनाचा नियुक्त अधिकारी. तो सिडकोविरुद्ध किती ताणू शकेल? त्यामुळे असे विषय बाजूला राहतात आणि जे सहज होण्यासारखे आहे ते झळाळून उठते.

नगरसेवकांनीही आरशात पाहावे

एवढे म्हटले म्हणजे लोकप्रतिनिधी निर्दोष ठरले, असे नव्हे. नागरिकांचा विश्वास आपोआप उडालेला नाही. २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांनी बेकायदा बांधकामांवर आणि कामचुकारपणावर बडगा उगारला. सकाळी नागरिकांबरोबर फिरत त्यांच्या तक्रारी ऐकण्याचा उपक्रम सुरू केला. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी सभागृहाने त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणला. १११ पैकी शंभराहून अधिक सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. विरोधात उभे राहिले ते भाजपचे अवघे सहा नगरसेवक. सभागृहात आयुक्त एकाकी होते. रस्त्यावर मात्र सामान्य माणूस त्यांच्या बाजूने उतरला होता. आयुक्तांच्या कार्यपद्धतीविषयी मतभेद असू शकतात. परंतु लोकांनी निवडून दिलेले सभागृह एकीकडे आणि लोक दुसरीकडे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना नगरसेवकांवाचून अडले आहे असे वाटले नाही, तर दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

तीच गोष्ट आर्थिक शिस्तीची. पन्नास रुपयांत महिना तीस हजार लिटर पाणी, ही येथील प्रसिद्ध योजना. वीस वर्षे घरपट्टी वाढवणार नाही, असे आश्वासनही निवडणुकीत दिले गेले. ऐकायला हे गोड आहे. पण पाणी उचलायला, शुद्ध करायला आणि घरापर्यंत आणायला येणारा खर्च कोणाला तरी द्यावाच लागतो. एकेकाळी उपकराच्या उत्पन्नावर ही महापालिका स्वतःच्या पायांवर उभी होती. उपकराची जागा घेणारा स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. तेव्हापासून राज्याकडून मिळणारी भरपाई हा उत्पन्नाचा मोठा भाग झाला. २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे ५,७०० कोटी रुपयांचे होते. आकडा मोठा आहे. परंतु ज्या संस्थेच्या उत्पन्नाची दोरी दुसऱ्याच्या हाती असते, तिचे स्वराज्य तितक्या प्रमाणात उणे होते. गरिबाला स्वस्त पाणी जरूर द्यावे. मोठ्या संकुलांतील तरण तलाव आणि मोटारी धुण्याच्या पाण्यालाही तीच सवलत देणे म्हणजे लोककल्याण नव्हे.

आता सबब उरलेली नाही

जानेवारी २०२६च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला या महापालिकेत स्पष्ट बहुमत मिळाले. राज्यात सत्तेत एकत्र असणारे मित्रपक्ष येथे परस्परांविरुद्ध लढले, हे राजकारण असो. आता केंद्रात, राज्यात आणि महापालिकेत एकाच विचाराचे नेतृत्व आहे. सिडको आणि एमआयडीसी ही राज्य शासनाचीच महामंडळे आहेत. आजवर 'सिडको ऐकत नाही', 'शासन निधी देत नाही' असे म्हणून हात झटकता येत होते. यापुढे ते चालणार नाही. ज्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन पत्रके वाटली, त्यांना ही उत्तरे मागण्याचा पहिला अधिकार आहे. आपल्या विचाराचे लोक निवडून आले म्हणून प्रश्न विचारणे थांबवणे, ही निष्ठा नव्हे.

सभागृहाने आरंभी चार गोष्टी कराव्यात. सिडकोकडे उरलेल्या सार्वजनिक सुविधांच्या भूखंडांची यादी करून ते महापालिकेला मिळवून द्यावेत. दिघ्यापर्यंत पुरेशा पाण्याचा कालबद्ध कार्यक्रम जाहीर करावा. धारण तलावांचा प्रश्न पर्यावरणाचे जाणकार बरोबर घेऊन न्यायालयापुढे मांडावा, कारण खारफुटीही हवी आणि बुडणारे घरही वाचायला हवे. आणि सफाई कामगारांच्या वेतनाचा निर्णय पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता घ्यावा.

पाचवी गोष्ट अधिक मूलभूत आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. २००९ मध्ये राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदारांची सभा व्हावी, हा तिचा हेतू. ही तरतूद बव्हंशी कागदावर राहिली. यावेळी तर २८ प्रभागांतून सदस्य निवडले गेले आणि एक प्रभाग सोडता प्रत्येकात चार. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाला धरायचे, हेच मतदाराला कळत नाही. चौघांनी मिळून दर तीन महिन्यांनी आपल्या प्रभागात क्षेत्रसभा घ्यावी, झालेल्या आणि न झालेल्या कामांचा हिशेब द्यावा. यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही, इच्छेची आहे. लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे कार्य रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून करत आली आहे. नव्या नगरसेवकांनी त्याचा लाभ घ्यावा.

नागरी कर्तव्याची परंपरा

महापालिकेकडून इतकी अपेक्षा करणाऱ्या समाजाने स्वतःकडेही वळून पाहिले पाहिजे. नागरी शिस्त ही पाश्चात्त्यांकडून घेतलेली गोष्ट आहे, असा एक समज रूढ आहे. तो खरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणाऱ्या नागरकाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण दंड आहे, आणि देवालय किंवा पाणवठ्याजवळ घाण करणाऱ्यास त्याहून अधिक. शिवशाहीतील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाखाली केरकचरा टाकू नये, तो जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तीवर भाजीपाला करावा, अशी स्पष्ट आज्ञा आहे. आज ज्याला कचऱ्याचे उगमस्थानी व्यवस्थापन म्हणतात, ते तीन शतकांपूर्वी गडावर अपेक्षित होते. आणि गड बांधण्याआधी तेथे पाणी आहे का ते पाहावे, असेही तेच आज्ञापत्र सांगते. मोरबे घेणाऱ्यांनी जाणते-अजाणतेपणी तीच परंपरा चालवली.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने शताब्दीच्या निमित्ताने जो पंचपरिवर्तनाचा विषय समाजापुढे ठेवला आहे, त्यात सामाजिक समरसता आणि पर्यावरण यांच्याबरोबर नागरिक कर्तव्याचा समावेश आहे. नवी मुंबईत या तिन्हींची भेट एका कचऱ्याच्या डब्यापाशी होते. ओला आणि सुका कचरा घरात वेगळा केला नाही, तर तो सफाई कामगाराला हातांनी वेगळा करावा लागतो. तुर्भ्याच्या क्षेपणभूमीचा डोंगर वाढतो आणि त्याचा वास शेजारच्या वस्तीला सोसावा लागतो. म्हणजे एका घराच्या आळसाची किंमत दोन घरे देतात. हे समजण्यासाठी मोठ्या तत्त्वज्ञानाची गरज नाही.

संघकार्यकर्त्यांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा येथे मोठा वाटा असू शकतो. प्रत्येक वसाहतीत पाच-सात कुटुंबांनी एकत्र यावे. आपल्या प्रभागाचे अंदाजपत्रक वाचावे, कामाची निविदा पाहावी, पावसाळ्याआधी नाल्याची सफाई प्रत्यक्ष जाऊन तपासावी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वाहनतळावरून दोन तास वाद होतो, त्यातली दहा मिनिटे शेजारच्या झोपडवस्तीला पाणी येते का, या विषयाला मिळावीत. आपल्या दाराशी झाडणाऱ्या कामगाराचे नाव माहीत असावे आणि त्याचे वेतन वेळेवर होते का, याची विचारपूस व्हावी. यातले काहीही अवघड नाही. सातत्य मात्र लागते.

हे शहर आता मोठ्या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमानतळ महापालिकेच्या हद्दीबाहेर असला तरी त्याच्यामुळे येणारी माणसे, वाहने आणि वाढणारे जमिनीचे भाव हद्द ओळखणार नाहीत. सिडकोच्या जुन्या इमारतींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ११ लाख २० हजार होती. पुढची गणना होईल तेव्हा हा आकडा कितीतरी पुढे गेलेला असेल. मोरब्याचे पाणी, जुने नाले, मर्यादित मैदाने यांवर त्याचा भार पडणारच.

त्या भाराचा विचार आज करावा लागेल आणि त्यासाठी पुन्हा एकदा मोरब्यासारखे दूरदृष्टीचे निर्णय घ्यावे लागतील. ते घेणारे सभागृह साडेपाच वर्षांनी परत आले आहे. त्याने आपली आवश्यकता आता कामातून सिद्ध करावी. नागरिकांनीही दर महिन्याचे देयक भरले की आपले कर्तव्य संपले, हा समज सोडावा. नळाला पाणी येते म्हणून समाधानी असणारा रहिवासी दिघ्यातल्या नळाची चौकशी करू लागेल, तेव्हाच या नियोजित नगरीत स्वराज्य आले असे म्हणता येईल.